कालव्याकाठची ती सर्पगंधा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर कालव्याच्या काठाने माजलेल्या एका झुडपाचे रंगीत छायाचित्र आणि त्याखाली दुर्मीळ सर्पगंधा, म्हणजे मुळासाठी प्रसिद्ध असलेली औषधी वनस्पती, आढळल्याची बातमी प्रसिद्ध झाली. रानझाडांना वर्तमानपत्रात जागा मिळते याचा मला आनंद आहे, आणि बातमीदाराने भर पावसात चिखल तुडवत तेथवर जाऊन छायाचित्र काढले याबद्दल त्याचे कौतुकच करावयास हवे. परंतु छायाचित्रातील वनस्पती सर्पगंधा नाही. ती सर्पगंधेची अमेरिकेतून आलेली चुलत बहीण आहे, आणि दुर्मीळ तर ती मुळीच नाही. हा फरक वनस्पतिशास्त्राच्या तासापुरता असता तर मी आपला वेळ घेतला नसता. पण तो आमच्या झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातील, ग्रामपंचायतींच्या जैवविविधता नोंदवह्यांपर्यंत आणि तेथून रानातल्या प्रत्यक्ष रोपापर्यंत जाऊन पोहोचतो, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

ही चूक दाखवण्याचा काही अधिकार मला असेल, तर तो मीच ती अनेक वर्षे केली म्हणून आहे. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. शाळेच्या आवारात आम्ही औषधी वनस्पतींची बाग केली, तेव्हा एका रोपवाटिकेतून 'सर्पगंधा' म्हणून दहा रोपे आणली, त्यांच्यापुढे पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेली पाटी रोवली, आणि ती रोपे इतकी जोमाने वाढली की दुसऱ्या वर्षी कुंपणाच्या बाहेरही उगवली. जे झाड रानात शोधून सापडत नाही ते शाळेच्या कुंपणाबाहेर आपोआप कसे उगवते, हा प्रश्न मला तेव्हाच पडावयास हवा होता. तो पडला नाही. पुढे शेजारच्या गावातील एक वयोवृद्ध गोंड वैदू नातवाच्या दाखल्यासाठी शाळेत आले असता त्यांनी ती पाटी कोणाकडून तरी वाचून घेतली, एक पान चुरगळून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हे थे नाही." त्यानंतरच्या भाद्रपदात त्यांनी मला रानात नेऊन खरे झाड दाखवले. मी पाटी काढली, परंतु तोवर विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या चुकीचे झाड ओळखून बाहेर पडल्या असतील याचा हिशेब आता लागणार नाही.

दोन्ही झाडे कण्हेर, सदाफुली, कुडा यांच्या कुळातील, आणि त्यातही एकाच प्रजातीगटातील आहेत. सर्पगंधेचे शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना, तर कालव्याकाठच्या झुडपाचे राउवोल्फिया टेट्राफायला. पहिला शब्द सोळाव्या शतकातील लेओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्य-वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ ठेवलेला आहे. टेट्राफायला या दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'चार पानांची' असा होतो, आणि ओळखीची सुरुवात तेथूनच करता येते. या अमेरिकन झुडपाच्या फांदीवर प्रत्येक पेऱ्याशी बहुधा चार पाने एका चक्रात येतात आणि ती एकसारखी नसतात. एक-दोन मोठी, बाकीची लहान, जणू एकाच घरातील थोरली-धाकटी भावंडे. सर्पगंधेच्या पेऱ्याशी बहुधा तीन पाने असतात, त्यांच्या आकारात एवढी तफावत नसते, ती लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, पातळ, वरून चकचकीत हिरवी आणि खालून फिकट असतात. मात्र केवळ पाने मोजून निकाल देऊ नये. सर्पगंधेच्या एखाद्या पेऱ्याशी चार पानेही भेटतात आणि कधी समोरासमोर दोनच. तेव्हा एक पेर पाहून नव्हे, तर सगळे झाड पाहून मत बनवावे लागते.

फुले असतील तर शंकेला जागा उरत नाही. सर्पगंधेचा फुलोरा टोकाशी झुबक्याने येतो, फुले पांढरी किंवा किंचित गुलाबी झाक असलेली असतात, त्यांची नळी बारीक, लांब आणि मध्याच्या जरा वर फुगीर असते. पण दुरून डोळ्यांत भरतो तो फुलांचा रंग नव्हे, तर देठांचा. फुलांचे देठ आणि निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचा पेला, लालभडक असतात, इतके की पाकळ्या गळून गेल्यावरही फुलोरा फुललेलाच वाटतो. आपल्या छायाचित्रातील फुले बारीक, आखूड नळीची, पांढुरकी आहेत आणि त्यांचे देठ हिरवे आहेत, हे ते छायाचित्र भिंगाखाली धरून मी दोनदा तपासले. त्यात आणखी एक पुरावा आहे, तो म्हणजे लाल आणि काळी अशी दोन्ही रंगांची गोल फळे एकाच फांदीवर दिसतात. अमेरिकन झुडपाचे फळ हिरव्यातून लाल आणि लालातून काळे होते, आणि फळांचे दोन भाग जवळजवळ पूर्ण जुळून एकच गोळा बनलेला असतो. सर्पगंधेची फळे लहान, चकचकीत जांभळट काळी होणारी, एकएकटी किंवा बुडाशी जोडलेली जोडफळे असतात. कोवळ्या फांद्यांवर बोट फिरवले तरी काही कळते: अमेरिकन झुडपाच्या कोवळ्या भागावर बारीक लव असते, सर्पगंधा गुळगुळीत असते. चीक दोन्हींना येतो, त्यामुळे चिकावरून ओळखल्याचे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये.

उंचीचेही सांगितले पाहिजे. कालव्याकाठचे झुडूप छातीपर्यंत येते, फांद्या पसरून दाट होते. सर्पगंधा हे खरे तर झुडूप म्हणावे की नाही इतके लहान असते. गुडघाभर, फार तर मांडीपर्यंत, एक-दोन सरळ काड्या आणि त्यांवर पानांची चक्रे. दहा पावलांवर असले तरी नवख्याला ते दिसत नाही. मुळाचा फरक सर्वांत स्पष्ट आहे, पण तो पाहण्यासाठी झाड उपटावे लागते, म्हणून मी तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे आणि कोणीही तपासून पाहू नये अशी विनंती करतो. सर्पगंधेचे मूळ मांसल, वेडेवाकडे, पिवळसर करड्या सालीचे आणि अत्यंत कडू असते. अमेरिकन झुडपाचे कठीण आणि लाकडासारखे. बाजारात भेसळ होते ती या दुसऱ्या मुळाची.

नावांनी हा गोंधळ आणखी वाढवला आहे. अडकई, हरकी, मुंगूसवेल अशी सर्पगंधेची मराठी नावे जुन्या निघंटूंत सापडतात. त्यांतील मुंगूसवेल हे नाव एकाहून अधिक वनस्पतींना लावले जाते, आणि सर्पगंधा मुळात वेल नाहीच. मुंगूस सापाशी लढून आल्यावर ही मुळी चघळतो, ही कथा सर्वत्र ऐकू येते. नावात सर्प आहे म्हणून सर्पदंशावर या मुळीचा भरवसा मात्र कोणीही धरू नये. आमच्या भागात धानाच्या बांधीत साप चावणे ही दर पावसाळ्यातील गोष्ट आहे, आणि त्यावर उपाय आहे तो रुग्णालयातील प्रतिसर्पविषाचा.

फुले नसताना आणखी तीन झाडांशी गल्लत होते. भारंगीलाही पेऱ्याशी तीन पाने येतात, पण तिच्या पानांच्या कडा दातेरी असतात आणि सर्पगंधेच्या सरळ. सप्तपर्णीच्या कोवळ्या रोपाला पानांची चक्रे असतात आणि चीकही येतो, पण तिची पाने जाड आणि चामट असतात. कुड्याच्या रोपाची पाने मात्र नेहमी समोरासमोर असतात, चक्रात नाही.

आता अधिवासाविषयी, कारण माझ्या मते ओळखीचा निम्मा भाग तेथेच आहे, आणि बातमी वाचताना मला पहिली शंका आली ती पानांवरून नव्हे, तर 'कालव्याचा काठ' या शब्दांवरून. सर्पगंधा ही ओलसर पानगळीच्या जंगलाच्या तळाशी, सावलीत वाढणारी वनस्पती आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत ती अशाच जागी आढळते. विदर्भात तिला जागा आहे ती पूर्वेकडील, जास्त पावसाच्या जंगलात. तिला ओल हवी, पण साचलेले पाणी नको. कुजलेल्या पानांचा थर हवा, पण मुळाला खोल जाता येईल अशी सैल, निचऱ्याची माती हवी. आमच्या भागातील शेतकरी मातीला कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी नावे देतात. त्यांतील कन्हार, म्हणजे भेगा पडणारी काळी चिकण माती, तिला मानवत नाही, आणि वरच्या उघड्या बरडीवरही मला ती कधी आढळली नाही. मी जी पाहिली ती नाल्याच्या पात्रापासून थोडी वर, उताराला, ऐन, बीजा आणि मोहाच्या छायेत, बांबूच्या रांजींच्या आडोशाने, जेथे चैत्रातही हाताने पाला बाजूला केला तर खाली माती गार लागते अशा ठिकाणी. सर्वांत जास्त रोपे मी मोजली ती अकरा, आणि तीही एका जागी नव्हे.

याउलट अमेरिकन झुडूप माणसाच्या मागे मागे चालते. कालव्याची भर, पांदणीची कडा, मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, पडक्या घराचे जोते, रोपवाटिकेमागचा उकिरडा या जागा त्याला पसंत आहेत. पक्षी फळे खातात आणि बिया जिकडेतिकडे टाकतात. सर्पगंधेच्या बियांना कठीण कवच असते, उगवण कमी होते, आणि उगवलेल्या रोपाचे मूळ काढण्याजोगे व्हायला दोन-तीन वर्षे जातात. तेव्हा कोणी 'सर्पगंधेची दाट झाडी' पाहिल्याचे सांगितले की मी आधी जागा विचारतो, आणि जागा रस्त्यावरून दिसण्यासारखी असेल तर बहुतेक उत्तर मिळालेले असते. अधिवास हा निर्णायक पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. जंगल तुटून शेत झालेल्या धुऱ्यावर एखादी जुनी सर्पगंधा टिकून राहू शकते. पण मग ती एकटी असेल, माजलेली नसेल.

ती इतकी कमी का झाली, याचे उत्तर तिच्या मुळात आहे. बिहारमध्ये ही मुळी वेडावरचे औषध म्हणून परंपरेने वापरात होती. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिच्यातील अल्कलॉइडे, म्हणजे औषधी गुणाची द्रव्ये, वेगळी केली आणि त्यांतील एकाला दिल्लीचे प्रसिद्ध युनानी वैद्य हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोहोंवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातील रक्तदाब उतरवणारे रेसरपीन हे अल्कलॉइड वेगळे केले. मुंबईच्या डॉक्टरांचा तो लेख हा आपल्या अभिमानाचा विषय आहे, यात शंका नाही. मात्र त्यानंतर जगभरातून मागणी आली ती मुळाला, आणि मूळ काढले की झाड संपते. मोहाचे फूल किंवा तेंदूचे पान तोडल्यासारखे हे नाही. आज ही वनस्पती वन्यजीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे अशांच्या यादीत, आहे आणि रानातून काढलेल्या मुळांच्या निर्यातीस आपल्या देशात बंदी आहे. नवी औषधे आल्यापासून रक्तदाबासाठी रेसरपीनचा वापर पुष्कळ कमी झाला, तरी देशांतर्गत औषधी बाजारात मुळाला गिऱ्हाईक आहेच.

या सगळ्याचा बातमीशी संबंध असा. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती-प्राण्यांची नोंद, तयार करावयाची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने या कामाला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली, तेव्हा अनेक गावांत ही कामे घाईने उरकली गेली, आणि तीही हिवाळ्यात, जेव्हा सर्पगंधेची फुले-फळे सरलेली आणि पाने गळू लागलेली असतात. मी ज्या काही नोंदवह्या चाळल्या त्यांत 'सर्पगंधा: आढळ, विपुल, ठिकाण, तलावाची पाळ' अशा नोंदी आहेत. पाळीवर विपुल असलेली ती कोण, हे आता वाचकांना सांगावयास नको. एका गावात तर नोंदवहीत पाळीवरची नोंद आहे आणि त्याच गावाच्या हद्दीतील नाल्यावर जी चार खरी रोपे मी पाहिली आहेत त्यांचा उल्लेख नाही. उद्या त्या नाल्यावर रस्ता, बंधारा किंवा कूपतोड (जंगलाच्या ठरावीक पट्ट्याची तोड) ठरली आणि कोणी हरकत घेतली, तर नोंदवही उघडून सांगितले जाईल की ही वनस्पती गावात विपुल आहे. कागदावर विपुल झालेली वस्तू रानातून नाहीशी व्हायला फार वेळ लागत नाही. आपल्या बातमीचे कात्रणही अशा फायलीत पुरावा म्हणून जाऊ शकते; छापील अक्षराचे आमच्याकडे अजून तेवढे वजन आहे.

बातमीविषयी माझी दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, जरी या वेळी तिच्यामुळे नुकसान झाले नाही. बातमीत कालव्याचा क्रमांक, गावाचे नाव आणि पुलापासूनचे अंतर दिले आहे. झाड अमेरिकन होते म्हणून बरे. ते खरे असते तर आठ दिवसांत तेथे खड्डे दिसले असते. मला रान दाखवणाऱ्या वैदूंनी आधी शब्द घेतला होता की जागा कोणाला सांगायची नाही. ते स्वतः मूळ काढताना सगळे काढीत नसत. बी पडून गेल्यावर, मोठे रोप निवडून, मुळाचा एक भाग कापून बाकीचा पुन्हा मातीत दाबीत. ते वारल्यानंतरही मी तो शब्द पाळला आहे, आणि या पत्रातही तालुक्यापलीकडे ठिकाण दिलेले नाही. दुर्मीळ औषधी वनस्पतीची बातमी अवश्य द्यावी, जंगलाचा प्रकार सांगावा, सोबतची झाडे सांगावीत. नेमकी जागा मात्र ग्रामसभेच्या नोंदीत राहू द्यावी. ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांच्या बाबतीत तर ही जागा जाहीर करावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या गावाचाच असावयास हवा.

ओळख पक्की करून घेण्याचा मार्ग अवघड नाही. झाड न उपटता, फुलांसह एक लहान फांदी घ्यावी, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी (आपल्या दैनिकाचा कागद या कामाला चांगला आहे, ओल लवकर शोषतो), सोबत तारीख, जंगलाचा प्रकार, माती, उंची आणि ताज्या फुलाचा व देठाचा रंग लिहून ठेवावा, कारण वाळल्यावर तो लाल रंग फिका पडतो. असा नमुना महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे, किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील पश्चिम क्षेत्रीय केंद्राकडे दाखवता येतो. झाड एकच असेल तर फांदीही तोडू नये. पानांचे चक्र, फुलाची नळी बाजूने, देठ आणि संपूर्ण झाड अशी चार छायाचित्रे पुरेशी होतात. आपल्या प्रतिनिधीने काढलेले छायाचित्र नीट होते म्हणूनच मला चूक दाखवता आली, हेही येथे नमूद करतो.

माझी आपणास विनंती एवढीच आहे की, या बातमीची दुरुस्ती छापताना केवळ 'ती सर्पगंधा नव्हती' असे एका ओळीत न सांगता दोन्ही झाडांची फुलांसह छायाचित्रे शेजारी शेजारी द्यावीत. खऱ्या सर्पगंधेचे, मागे कोणतीही ओळखीची खूण न दिसणारे छायाचित्र मी स्वतंत्र पाकिटातून पाठवीत आहे. दुरुस्ती शक्यतो भाद्रपद संपण्याआधी यावी. तोवर रानात ती लाल देठांनी ओळखू येते, आणि ज्या समित्यांना आपली नोंदवही तपासून पाहावयाची आहे त्यांना त्यासाठी अजून महिनाभर हाताशी राहील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. आरमोरी, जि. गडचिरोली